रेस पूब्लिका: 'रिपब्लिक'च्या मुळाशी असलेली सर्वांची वस्तू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी २६ जानेवारी जवळ आली की 'रिपब्लिक म्हणजे नेमकं काय?' हा प्रश्न निघतो. उत्तर बहुधा एका ओळीत येतं: 'जिथे राजा नसतो ते.' हे उत्तर आजच्या व्यवहाराला पुरतं. पण ज्या लॅटिन शब्दापासून 'रिपब्लिक' आला त्याचा अर्थ असा नव्हता. तिथे राजा असण्या-नसण्यापेक्षा 'हे राज्य कोणाच्या मालकीचं?' हा प्रश्न पहिला होता. तो प्रश्न मला आजही जिवंत वाटतो, म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका इथे एकत्र घेतल्या आहेत.

'रेस पूब्लिका' म्हणजे शब्दशः काय?

सर्वांची वस्तू. 'रेस' म्हणजे वस्तू, मालमत्ता, बाब, काम, प्रकरण. कोर्टातल्या दाव्यालाही रोमन लोक 'रेस'च म्हणत. 'पूब्लिका' हे विशेषण आहे: लोकांची, लोकांच्या मालकीची. दोन्ही मिळून जो शब्द झाला त्याचा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलायचा. कधी राज्यकारभार, कधी सरकारी खजिना आणि जमीनजुमला, कधी सर्वांचं हित, कधी राजकारणात उतरणं, आणि कधी आपण 'राज्य' म्हणतो ते. एखादी कृती राज्याच्या हिताची आहे असं सेनेटला, म्हणजे रोमच्या थोरामोठ्यांच्या सभेला, म्हणायचं असे तेव्हा ठरावात 'ए रे पूब्लिका' असे शब्द येत.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द 'सार्वजनिक' आहे. 'सरकारी' आणि 'सार्वजनिक' यांत आपल्या कानाला जो फरक जाणवतो, तोच इथे महत्त्वाचा. सरकारी दवाखान्याचा मालक सरकार असतं. सार्वजनिक विहिरीचे मालक आपण सगळे असतो. 'रेस पूब्लिका' विहिरीसारखी आहे.

या शब्दांची मुळं कुठे आहेत?

'रेस'चं मूळ आपल्याला अनोळखी नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'अग्निना रयिमश्नवत्' असं येतं: अग्नीच्या योगे माणसाला 'रयि' म्हणजे संपत्ती मिळते. ईशावास्य उपनिषदाच्या शेवटी 'अग्ने नय सुपथा राये अस्मान्' म्हणतात, त्यातला 'राये' हा 'रै' या शब्दाची चतुर्थी आहे, अर्थ, 'संपत्तीकडे'. हा 'रै' आणि लॅटिनचा 'रेस' ही एकाच आदिम शब्दाची लेकरं आहेत, असं तौलनिक भाषाशास्त्र सांगतं. म्हणजे 'रिपब्लिक'मधला 'रि' हा वेदातला रयि आहे. (रायगडातला 'राय' मात्र वेगळा. तो 'राजा'पासून आला. दोघांची गल्लत करू नये.)

'पूब्लिकस' हा 'पोपुलुस' म्हणजे 'लोक' या शब्दावरून आला. त्याचं जुनं रूप इ.स.पू. १८६ च्या एका ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं आहे. बाकस या मद्याच्या देवाच्या उत्सवांवर बंदी घालणारा सेनेटचा हुकूम त्यावर आहे आणि त्यात 'पोप्लिकोद' असा शब्द येतो, अर्थ 'उघडपणे, सर्वांदेखत'. दक्षिण इटलीत सापडलेला तो पत्रा आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. पुढे 'पूबेस' म्हणजे वयात आलेले पुरुष या शब्दाच्या ओढीने 'पो'चा 'पू' झाला, असं मानतात.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रोममध्ये आणीबाणीच्या वेळी जो सर्वाधिकारी नेमत, त्याचं जुनं नाव 'मागिस्तेर पोपुली' होतं, आणि त्याच्या हाताखालचा घोडदळाचा प्रमुख तो 'मागिस्तेर एक्वितुम'. त्यावरून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की 'पोपुलुस' म्हणजे मुळात पायदळ, शस्त्र धरणारे लोक. 'सर्वांची वस्तू' म्हणताना 'सर्व' कोण, हा घोळ असा शब्दाच्या जन्मापासूनच आहे.

राजा नसेल तरच रेस पूब्लिका, असं रोमन लोक मानत होते का?

नाही. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये त्यांनी तार्क्विनिउस या शेवटच्या राजाला हाकललं आणि दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडायला सुरुवात केली. 'राजा' हा शब्द त्यानंतर रोममध्ये जवळजवळ शिवीसारखा झाला. तरी 'रेस पूब्लिका' हा शब्द त्यांनी केवळ त्या नव्या व्यवस्थेसाठी राखून ठेवला नाही. सिसेरो या रोमन राजकारणी-लेखकाच्या संवादात स्पष्ट म्हटलं आहे की एकाचं राज्य, निवडक थोरांचं राज्य आणि लोकांचं राज्य, या तिन्ही तऱ्हांची रेस पूब्लिका असू शकते. राजा न्यायी असेल आणि राज्य लोकांचं म्हणून चालवत असेल, तर तीही रेस पूब्लिका. तिन्हींचं मिश्रण सगळ्यात बरं, असं त्याचं मत होतं.

'राजाविना राज्य' हा आजचा ठाम अर्थ बराच नंतरचा. मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताने १५१३ च्या सुमारास लिहिलं की माणसांवर सत्ता गाजवणारी सगळी राज्यं एक तर रिपब्लिक असतात नाही तर राजेशाही. अशी उभी फाळणी प्राचीन लॅटिनमध्ये नव्हती. त्याच्याही नंतर, १५७६ मध्ये, फ्रान्सच्या झाँ बोदँने सार्वभौमत्वावर मोठा ग्रंथ लिहिला त्याच्या नावात 'रेप्युब्लिक' आहे, आणि तो तर राजेशाहीचा कैवारी होता.

सिसेरोची प्रसिद्ध व्याख्या कोणती?

'एस्त इगितुर रेस पूब्लिका रेस पोपुली.' म्हणजे: रेस पूब्लिका ही लोकांची वस्तू. सिसेरोने इ.स.पू. ५४ ते ५१ या काळात लिहिलेल्या 'दे रे पूब्लिका' या संवादात हे वाक्य स्किपिओ एमिलिआनुस या सेनापतीच्या तोंडी आहे. नुसतं इतकंच असतं तर शब्दांची फोड करण्यापलीकडे काही झालं नसतं. पुढचं वाक्य मोलाचं आहे. 'लोक' म्हणजे कशीही जमलेली माणसं नव्हेत, तर कायद्याविषयी एकमत आणि हिताची भागीदारी यांनी बांधलेला समुदाय.

'भागीदारी' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण लॅटिन शब्दाचा वास तोच आहे. धंद्यातल्या भागीदारांना रोमन कायद्यात 'सोकिउस' म्हणत, आणि या व्याख्येतलं 'बांधलेला' हे क्रियापद त्याच धातूचं. चार भागीदार एका दुकानात पैसे घालतात तेव्हा हिशेबाची वही सगळ्यांना बघता येते, आणि एकाने परस्पर गल्ला उचलला तर तो गुन्हा ठरतो. सिसेरो राज्याकडे तसं बघायला सांगतो.

याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक उतारा आहे, तो मला व्याख्येपेक्षाही भिडतो. सिसिलीतलं सिराक्यूस शहर हुकूमशहा डायोनिसिउसच्या हातात होतं. स्किपिओ त्या शहराचं वर्णन करतो: बघत राहावा असा किल्ला, गावाच्या पोटात शिरलेली बंदरं, रुंद रस्ते, देवळं, तटबंदी. आणि मग म्हणतो, एवढं सगळं असूनही ती रेस पूब्लिका नव्हती. लोकांचं तिथे काहीच नव्हतं, उलट लोकच एका माणसाचे होते. रस्ते रुंद असणं आणि रस्ते आपले असणं यातला फरक याहून नेमका सांगितलेला मी तरी वाचलेला नाही.

'वस्तू' ही नुसती उपमा आहे, की खरंच काही मालमत्ता होती?

खरीच होती. रोमन कायदा वस्तूंचे दोन ढीग करायचा: खासगी आणि सार्वजनिक. बारमाही नद्या, बंदरं, हमरस्ते सार्वजनिक. ते विकता येत नसत आणि कोणी अडवले तर दाद मागता येई. शहरात पाणी आणणारे कालवेही याच ढिगात. आणि सगळ्यात मोठी होती जमीन. जिंकलेल्या मुलखातली जी जमीन कोणाला वाटली नाही, ती 'आगेर पूब्लिकुस', म्हणजे रोमन लोकांची सामाईक जमीन.

खेड्यात वाढलेल्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. आपल्याकडे गायरान असतं. अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर नाव शासनाचं, पण गुरं सगळ्या गावाची. आणि गायरानाचं पुढे काय होतं तेही आपण पाहतो. आधी कडेच्या शेताचा बांध हातभर सरकतो, मग काटेरी कुंपण येतं, मग गोठा. वीस वर्षांनी तिथे गायरान होतं हे सांगायला म्हातारी माणसंच उरतात.

रोममध्ये अगदी हेच झालं. एका माणसाने ५०० युगेरा, म्हणजे साधारण ३१० एकरांपेक्षा जास्त सार्वजनिक जमीन धरू नये असा जुना नियम होता. धनवानांनी तो बासनात गुंडाळून ठेवला आणि पिढ्यान् पिढ्या ती जमीन घरची म्हणून कसली. इ.स.पू. १३३ मध्ये तिबेरिउस ग्राक्खुस हा लोकांचा प्रतिनिधी, ट्रिब्यून, निवडून आला. त्याने तो नियम पुन्हा जिवंत केला आणि जादा जमीन काढून भूमिहीन नागरिकांना वाटण्याचा कायदा करून घेतला. त्याच वर्षी सेनेटरांच्या जमावाने त्याला भर सभेत ठार मारलं. आधी त्यांनी कॉन्सलकडे जाऊन बळ वापरण्याची मागणी केली होती. कॉन्सल स्काएवोला हा मोठा कायदेपंडित, त्याने नकार दिला. तेव्हा स्किपिओ नासिका हा सेनेटर पुढे झाला आणि म्हणाला, ज्यांना रेस पूब्लिका सुरक्षित राहावी असं वाटतं त्यांनी माझ्यामागे या.

लोकांची जमीन लोकांना द्या म्हणणारा मेला, आणि मारणाऱ्याच्या तोंडी 'लोकांची वस्तू वाचवा' हे शब्द होते. बारा वर्षांनी, इ.स.पू. १२१ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ गाइउस याच्याविरुद्ध सेनेटने ठराव केला: 'रेस पूब्लिकाला काही इजा पोचू नये हे कॉन्सलने पाहावं.' हीच शब्दयोजना पुढे आणीबाणीच्या ठरावाची ठरीव भाषा झाली. इ.स.पू. ६३ मध्ये कातिलीना या कटवाल्याविरुद्ध तीच वापरली गेली, आणि तेव्हा कॉन्सल सिसेरो होता.

सिसेरोने व्याख्या ज्याच्या तोंडी घातली तो स्किपिओ एमिलिआनुस हा ग्राक्खुस बंधूंचा मेहुणा होता, आणि त्यांच्या जमीनवाटपाच्या विरोधात होता. व्याख्या वाचताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे. व्याख्या खोटी ठरत नाही, पण ती कुठे उभी राहून सांगितली आहे ते कळतं.

मग रोममध्ये 'लोक' म्हणजे नक्की कोण?

स्वतंत्र पुरुष नागरिक. गुलाम नाहीत, आणि स्त्रिया नागरिक असल्या तरी त्यांना मत नाही. शिवाय मतं सारखी नव्हती. कॉन्सल निवडणारी सभा १९३ गटांत विभागलेली असे आणि मत माणसाचं नव्हे, गटाचं धरलं जाई. लिवी या रोमन इतिहासकाराने दिलेल्या जुन्या रचनेत घोडदळाचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० गट होते. हे ९८ एक झाले की निकाल लागला. बाकीच्यांना हाक मारायची गरजच उरत नसे. ज्यांच्याकडे मुलांखेरीज काही नाही त्या सगळ्या गरिबांचा मिळून एक गट.

ऑगस्टस सम्राट झाल्यावर हा शब्द टाकून दिला का?

उलट त्याने तो घट्ट धरून ठेवला. आपल्या हयातीचा जो वृत्तान्त त्याने मागे ठेवला, त्याची सुरुवातच अशी आहे: वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका टोळीच्या जुलमाखाली दबलेली रेस पूब्लिका मी मुक्त केली. शेवटाकडे तो म्हणतो, ती मी माझ्या ताब्यातून सेनेट आणि रोमन लोकांच्या हवाली केली. हा मजकूर आज अंकाराच्या एका देवळाच्या भिंतींवर लॅटिन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत वाचता येतो. ग्रीकमध्ये 'रेस पूब्लिका'ला एकच शब्द नव्हता, म्हणून अनुवादकाने पहिल्या वाक्यात 'सामाईक कारभार' अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत. इ.स.पू. २८ च्या एका सोन्याच्या नाण्यावरही लिहिलेलं आहे की याने रोमन लोकांचे कायदे आणि हक्क परत दिले.

कॉन्सल दरवर्षी होत राहिले, सेनेट बसत राहिलं, आणि सैन्य व मोठे प्रांत एकाच्या हाती राहिले. ऑगस्टस मरून शंभर वर्षं झाल्यावर इतिहासकार ताकितुस लिहितो की त्याच्या मृत्यूच्या वेळी रेस पूब्लिका डोळ्यांनी पाहिलेली अशी किती माणसं उरली होती? इथे ताकितुसने हा शब्द 'पूर्वीचं मोकळं राज्य' या अर्थाने वापरला आहे, आणि आजच्या अर्थाची ती एक जुनी पायवाट म्हणता येईल. तरी सरकारी भाषेत शब्द चालूच राहिला. चौथ्या शतकातल्या रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवर सम्राटांना 'रेस पूब्लिकाच्या भल्यासाठी जन्मलेला' असं म्हटलेलं सापडतं.

ज्युलिअस सीझर, निदान त्याच्या एका विरोधकाने सांगितलेलं खरं मानलं तर, सरळ बोलायचा: रेस पूब्लिका काहीच नाही, नुसतं नाव, ना अंग ना रूप. सिसेरोने तेच दुःखाने लिहिलं होतं. पूर्वजांनी आपल्याला हे राज्य रंग उडत चाललेल्या सुंदर चित्रासारखं दिलं, आपण रंग तर भरले नाहीतच, बाह्यरेषाही राखल्या नाहीत. रेस पूब्लिका आपण शब्दात धरून आहोत, वस्तू केव्हाच गमावली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

याचा आपल्याकडे, मराठी मुलखाशी काही थेट संबंध येतो का?

गोव्यात येतो, आणि हाताला लागेल असा येतो. डिचोलीत माझ्या मामांकडे पानाच्या जुन्या पितळी डब्यात काही नाणी आहेत. आजी त्यांना 'पाखल्यांचे', म्हणजे पोर्तुगिजांचे, 'पैसे' म्हणायची. त्यात १९५९ चं एक आहे, एस्कुदो चलनातलं. त्यावर दोन नावं आहेत: 'रेपूब्लिका पोर्तुगेझा' आणि 'एस्तादो दा इंदिया'. पहिल्यातला 'रेपूब्लिका' म्हणजे आपली रेस पूब्लिका. दुसऱ्यातला 'एस्तादो' लॅटिन 'स्तातुस'पासून आलेला, म्हणजे 'स्टेट'. राज्यासाठीचे युरोपचे दोन्ही मोठे शब्द एवढ्याशा चकतीवर शेजारी बसलेत, आणि ती चकती म्हापशाच्या बाजारात मासळी घ्यायला चालत होती.

पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली. गोव्यातल्या हिंदूंना त्या वेळी या शब्दाचा खरा लाभ झाला: धर्म आणि राज्य वेगळे झाले, बरोबरीचे नागरी हक्क आले, सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. हे विसरू नये. पण १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे हुकूमशहा सालाझारच्या हाती सत्ता गेल्यावर नाव तेच राहिलं आणि आतलं बदललं. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींचं स्थान खाली ढकललं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभेसाठी तोंड उघडलं, तर अटक झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ होते. तेव्हाही नाण्यांवर 'रेपूब्लिका'च होतं. सिराक्यूसचा तो उतारा मी वाचतो तेव्हा मला हे नाणं आठवतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला.

'स्टेट' आणि 'रिपब्लिक' यांचं नातं काय?

'स्तातुस' म्हणजे उभं असण्याची रीत, स्थिती. संस्कृतचा 'स्था' आणि हा एकाच कुळातले, म्हणून 'स्टेट' आणि आपली 'स्थिती' बहिणी आहेत. रोमन लोक 'स्तातुस रेई पूब्लिकाई' म्हणत, 'सर्वांच्या वस्तूची स्थिती'. उल्पिआनुस या कायदेपंडिताने सार्वजनिक कायद्याची ओळख अशीच दिली: जो रोमन राज्याच्या स्थितीशी संबंधित तो सार्वजनिक, जो एकेका माणसाच्या हिताशी संबंधित तो खासगी. पुढच्या शतकांत या शब्दसमूहातला 'स्थिती' तेवढा राहिला आणि 'सर्वांची वस्तू' गळून पडली. मॅकियाव्हेलीच्या 'स्तातो'मध्ये तर राज्य म्हणजे जे मिळवायचं आणि हातचं जाऊ द्यायचं नाही ते. माझ्या मते शब्दाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी पडझड आहे.

राष्ट्रकुलाचा इथे काय संबंध?

'कॉमनवेल्थ' हा 'रेस पूब्लिका'चाच इंग्रजी अवतार. कॉमन म्हणजे सामाईक, वेल्थ म्हणजे पूर्वीच्या इंग्रजीत भलं, समृद्धी. चार्ल्स राजाचा शिरच्छेद केल्यावर १६४९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने देश 'कॉमनवेल्थ' असल्याचं जाहीर केलं. तीनशे वर्षांनी, एप्रिल १९४९ मध्ये, लंडनला ठरलं की भारत रिपब्लिक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहू शकेल. म्हणजे एकाच लॅटिन शब्दाची दोन नातवंडं एकमेकांत बसतात का, यावर तेव्हा वाटाघाटी चालल्या होत्या. मराठीत आपण 'राष्ट्रकुल' म्हणतो, त्यामुळे हे नातं दिसेनासं होतं.

प्लेटोचं 'रिपब्लिक'?

त्या ग्रंथाचं मूळ ग्रीक नाव 'पोलितेइआ', म्हणजे नगरराज्याची घडण. लॅटिनमधून आलेलं नाव चिकटलं. मालकीचा अर्थ तिथे नाही.

इतर कुठल्या भाषेत मूळ अर्थ टिकला आहे?

पोलिश भाषेत, अगदी ठसठशीत. पोलंडचं अधिकृत नाव 'जेच्पोस्पोलिता': 'जेच' म्हणजे वस्तू, 'पोस्पोलिता' म्हणजे सामाईक. राजा असतानाही ते हेच नाव लावत.

मराठीत कोणता शब्द वापरावा: प्रजासत्ताक, गणराज्य की लोकसत्ताक?

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'गणराज्य' आहे, बोलण्यात आणि शाळेच्या झेंडावंदनाला 'प्रजासत्ताक' आहे. दोन्ही बरोबर, आणि रूढ शब्द उगाच बदलू नये. पण प्रत्येकाचा कल वेगळा आहे. 'प्रजा' हा शब्द राजाची आठवण घेऊन येतो, कारण प्रजा कोणाची तरी असते. 'गणराज्य' आपल्याला प्राचीन भारतातल्या गणांकडे, वैशालीच्या वज्जींकडे, लिच्छवींकडे, मल्लांकडे नेतो. 'लोकसत्ताक' अर्थाने जास्त जवळ, तरी तोही सत्तेविषयी बोलतो, मालकीविषयी नाही.

'रेस'मधला रयि मराठीत ज्याने धरून ठेवला तो शब्द माझ्या मते 'सार्वजनिक'च. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. जोतीराव फुल्यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या नावात तो सत्यधर्माला लागला आणि १८९१ मध्ये ते पुस्तक छापलं गेलं. त्याच दशकात गणेशोत्सवालाही लागला. आणि ज्यांच्या वाडवडिलांना सार्वजनिक पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, त्यांनी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पालिकेने ते तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला होता. ठरावात सर्वांची असलेली वस्तू काठावर सर्वांची नव्हती. 'रिपब्लिकन' हा शब्द पुढे महाराष्ट्रात राजकीय पक्षाचं नाव म्हणून घरोघरी पोचला; बाबासाहेबांनी योजलेला तो पक्ष त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये नागपूरला स्थापन झाला.

प्राचीन भारतातली गणराज्यं आणि रोमची रेस पूब्लिका एकच म्हणायची का?

नाही. ती एकमेकांपासून आलेली नाहीत. वज्जींच्या संघात सभा भरत, चर्चा होई, पण सत्ता कुळांकडे होती. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात या गणराज्यांची आणि बौद्ध संघांतल्या सभानियमांची आठवण करून दिली. मतदानाची पद्धत भारताला परकी नाही हे त्यांना दाखवायचं होतं. भारताने ती पद्धत एकदा गमावली होती, हेही त्यांनी लगेच पुढे सांगितलं.

लोकशाही आणि रिपब्लिक एकच का?

आजच्या अर्थाने नाहीत. ब्रिटन लोकशाही आहे, रिपब्लिक नाही. उलट उदाहरणं जगात भरपूर आहेत.

उच्चार आणि लेखन कसं करावं?

'पू' दीर्घ. लॅटिनमध्ये हे दोन सुटे शब्द आहेत आणि दोन्ही विभक्तीप्रमाणे बदलतात: रेस पूब्लिका, रेम पूब्लिकाम, रेई पूब्लिकाई, रे पूब्लिका. सिसेरोच्या ग्रंथाच्या नावात 'रेस'चा 'रे' का होतो, याचं उत्तर हेच. जोडून लिहिण्याची पद्धत नंतर रूढ झाली.

सिसेरोचा मूळ ग्रंथ आज वाचायला मिळतो का?

अर्धामुर्धा. सहा भागांतले पहिले दोन बऱ्यापैकी, तिसऱ्यातला काही मजकूर, चौथ्या-पाचव्याच्या चिंध्या, आणि शेवटचं 'स्किपिओचं स्वप्न', जे दुसऱ्या एका लेखकाच्या टीकेमुळे वेगळं टिकलं. कित्येक शतकं बाकीचा ग्रंथ हरवलेलाच होता. त्यातली वाक्यं माहीत होती ती मुख्यतः संत ऑगस्टीनमुळे, आणि त्याने ती दिली होती खोडून काढण्यासाठी. जिथे न्याय नाही तिथे कायद्याविषयी एकमत कुठलं, मग सिसेरोच्याच मापाने रोम कधी रेस पूब्लिका नव्हतंच, असा त्याचा युक्तिवाद होता.

१८१९ मध्ये व्हॅटिकनचे ग्रंथपाल आंजेलो माई एका जुन्या हस्तलिखिताची पानं बघत होते. सातव्या शतकात बोब्बिओच्या मठात कोणीतरी चामड्याची पानं वाचवण्यासाठी आधीचा मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिला होता. माईंना खालची मोठी, रुंद अक्षरं पुसट दिसली आणि त्यांनी ती वाचून काढली. ती सिसेरोची होती. पहिल्या भागातली 'रेस पोपुली'ची व्याख्याही त्यांत होती. तीन वर्षांनी, १८२२ मध्ये, ते छापलं गेलं. वर लिहिलेला मजकूर होता ऑगस्टीनचं स्तोत्रांवरचं भाष्य.